धुळ्याचा भाचा

आमच्या घरात संशय पिढीजात आहे. वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, घरच्या म्हशीचं, स्वतः धार काढलेलं दूध रोज नाकाशी नेऊन हुंगतात आणि मगच चहात ओतू देतात. केळीच्या व्यापाऱ्यानं पडता भाव सांगितला तर ते भांडतात. चांगला भाव सांगितला तर भांडत नाहीत, नुसते त्याच्या तोंडाकडे बघत बसतात, आणि तो गेला की आईला विचारतात, ‘हा एवढं गोड कशाले बोलू राह्यला?’ मी त्यांचीच मुलगी. कोणी माझ्याशी चांगलं वागलं की आनंद व्हायच्या आधी माझ्या मनात येतं, याला काय हवंय?

त्यामुळे बारावीच्या वर्षी जीवशास्त्राच्या नव्या मॅडम माझ्याशी चांगलं वागायला लागल्या तेव्हा मी सावध झाले.

आमचं गाव यावलजवळ, केळीच्या बागांमध्ये. कॉलेज यावलला. मॅडम मूळच्या धुळ्याच्या, आधी पहूरला शिकवत होत्या, तिथून बदली होऊन आलेल्या. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली, ठेंगण्या, एकट्या राहणाऱ्या. स्कूटीवर यायच्या आणि हेल्मेट वर्गात टेबलावर ठेवायच्या. शिकवता शिकवता मध्येच अहिराणी निसटायची, ‘बठ्ठं समजनं का?’ म्हणजे सगळं समजलं का. आमची पूर्वेकडची बोली वेगळी, आम्ही पोरं हसायचो. मग त्याही हसायच्या, आणि धडा पुढे जायचा.

एकदा त्यांनी मला केळफूल आणायला सांगितलं. मी मनात म्हटलं, आज केळफूल, उद्या केळीची फणी, परवा घडच लागेल. तरी नेलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, ‘घरचं आहे तुझ्या. तूच सांग वर्गाला.’ मला घाम फुटला. पण सांगितलं. कुठली फुलं आधी येतात, कुठल्या फुलांची केळी होतात, कुठली गळून जातात, आणि शेवटची फणी आली की नाना केळफूल का कापून टाकतात. मॅडम शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या आणि वहीत लिहून घेत होत्या. मग त्यांनी हात वर करून प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला आलं नाही. ‘मलाही येत नाही,’ त्या म्हणाल्या, ‘दोघी मिळून शोधू.’

त्या दिवशी बसमध्ये मला खूप बरं वाटत होतं आणि ते का वाटतंय याचा मी संशय घेत होते. शिक्षकाला येत नाही असं कधी असतं का? त्यांनी मुद्दाम तसं म्हटलं असणार. पण मुद्दाम कशासाठी?

घरात त्या वर्षी माझं लग्न ठरल्यात जमा होतं. सावद्याचं स्थळ सांगून आलेलं. केळीचा व्यापार, दारात दोन गाड्या, पोरगा एकुलता. बारावीचा शेवटचा पेपर झाला की साखरपुडा, असं अक्कानं ठरवलं होतं. अक्का ही नानांची थोरली बहीण. राहते पलीकडच्या गल्लीत, पण आमच्या घरातलं पानसुद्धा तिच्याशिवाय हलत नाही. मला जळगावला बी.एस्सी. करायचं होतं. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. मनातलं बाहेर काढलं की ते लोकांच्या हातात जातं, असा माझा पक्का समज होता.

हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरीत होतं. मोठमोठी हिरवी-पांढरी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, आणि पुऱ्यांबरोबर किंवा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर पंगत बसवायची. पै-पाहुण्यांना बोलावणं जातं. मी रीतीप्रमाणे सगळ्या शिक्षकांना बोलावलं होतं, येणार कोणीच नाही या खात्रीनं. मॅडम आल्या. केळीच्या बागेतून त्यांची स्कूटी येताना दिसली तेव्हा अक्काच्या हातातला बत्ता थांबला.

आता हे सांगायला हवं, की आमच्या भागात शिक्षक घरी आला तर तो उगीच येत नाही. पोराची तक्रार असते, नाहीतर त्याचा खासगी क्लास असतो. आणि यातलं काही नसलं तर सोयरीक असते. शिक्षकाला दहा गावांची घरं माहीत, कुठं पोरगी आहे, कुठं पोरगा आहे, कोणाची जमीन ओलिताची, हे सगळं माहीत. लग्नं जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

मॅडम चांगल्या जेवल्या. धाकट्या भावाशी गप्पा मारल्या. मी वांगी उलटत होते तिथं येऊन उभ्या राहिल्या, धूर डोळ्यांत जात असतानाही. आणि मग सगळ्यांसमोर मला विचारलं, ‘तुझ्या मामाचं गाव कुठलं?’

‘जळगाव. अजिंठा चौफुलीजवळ गॅरेज आहे.’

‘घर मोठं आहे? माणसं कशी आहेत?’

आईनं उत्तर दिलं, की चांगली आहेत. अक्कानं मॅडमच्या ताटात न विचारता आणखी दोन पुऱ्या वाढल्या. तिथंच मला काहीतरी बिनसल्याचा वास आला.

स्कूटी दिसेनाशी झाल्यावर अक्का म्हणाली, ‘मास्तरीन पोरगी पाहाले आली व्हती.’

‘काहीतरीच,’ आई म्हणाली. ‘शाळेच्या मॅडम आहेत त्या.’

‘मंग मामाचं कशाले इचारलं? मामा कोठला, हे सोयरीक कराची त्यालेच लागते. शिकवाले मामा लागते का?’

अक्कानं तेवढ्यात मॅडमकडून हेही काढून घेतलं होतं, की त्यांना मूलबाळ नाही. म्हणजे स्वतःच्या पोरासाठी नाही. म्हणजे भाचा असणार. धुळ्याचा, शिकलेल्या घरातला, बहुतेक नोकरीवाला. संध्याकाळपर्यंत त्या भाच्याला नोकरी लागली होती आणि दोन दिवसांत त्याचं धुळ्यातल्या देवपूरला घरही झालं. हातचं सोडून पळत्यापाठी लागू नये, असं सगळ्यांना सांगणाऱ्या अक्कानं सावद्याला निरोप धाडला, ‘जरा थांबा, पोरीची परीक्षा आहे.’

मला मात्र सगळं लख्ख दिसलं. केळफूल, शेवटचा बाक, डब्यातली चटणी माझ्यापुढे सरकवणं, ‘रात्री किती वाजता झोपतेस, डोळे लाल दिसतात,’ असं विचारणं. तर हे होतं! पोरगी पारखून घेत होत्या. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. तुला काय वाटतं, असं आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं होतं, आणि तेही भाच्यासाठी.

मग मी माझ्या परीनं ते स्थळ मोडायला घेतलं. मॅडम दुसऱ्यांदा आल्या त्या मला द्यायच्या जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन. अक्कानं त्यांना बसवून घेतलं, कॉटवर नवी चादर घातली, आणि ‘शेवभाजी पोरीच्या हातची’ असं जाहीर केलं. मी भाजीत मुठीनं मीठ घातलं. खाणाऱ्यानं पाण्याचा तांब्या तोंडालाच लावावा इतकं. मॅडमनी पहिला घास खाल्ला. डोळे जरा मोठे झाले. मग त्यांनी वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, ‘अजून वाढ.’

त्या रात्री मी घाबरले. एवढी खारट भाजी मागून खाते, म्हणजे हिचा भाचा नक्कीच बिनलग्नाचा उरलेला असणार.

शेवटी मीच त्यांना प्रयोगशाळेत गाठलं. सगळे गेले होते, त्या स्लाइड पुसून डब्यात ठेवत होत्या. मी विचारलं, ‘मॅडम, तुमचा भाचा काय करतो?’

‘कोणता भाचा?’

मी सगळं सांगितलं. मामाचं गाव, अक्का, सावद्याचं स्थळ, साखरपुडा. सांगताना माझा आवाज चढला. मला वाटलं त्या हसतील. त्या स्टुलावर बसल्या आणि हातातली स्लाइड तशीच धरून राहिल्या.

‘मामाचं मी एवढ्यासाठी विचारलं,’ त्या म्हणाल्या, ‘की जळगावला कॉलेज करायचं तर तुला राहायला जागा आहे का. होस्टेल म्हटलं तर घरचे पाठवणार नाहीत. मामाकडे म्हटलं तर पाठवतील.’

मी जळगावचं त्यांना कधीच बोलले नव्हते. कोणालाच बोलले नव्हते. ‘तुम्हाला कोणी सांगितलं?’ मी विचारलं.

‘कोणी कशाला सांगायला हवं? रोज बघते तुला.’

मला रडू आलं. ते आवरून मी म्हटलं, ‘मग घरी स्पष्ट सांगा, की भाचा वगैरे काही नाही.’

‘सांगते,’ त्या म्हणाल्या.

परीक्षा संपल्यावर त्या आल्या. अक्का तयारीनंच बसली होती. नाना ओसरीवर, आई दारात, मी पाण्याचा ट्रे घेऊन उभी. अक्कानं आडपडदा ठेवला नाही. ‘बाई, पोरगा काय करते?’

मी मॅडमकडे बघत होते. आता त्या सांगणार, मग अक्काचं तोंड उतरणार, आणि उद्या सावद्याला फोन जाणार, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. स्पष्ट सांगा म्हणणारी मी, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला निघाले होते. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पाण्याचा ग्लास उचलला. आणि म्हणाल्या, ‘शिकतोय अजून. त्यांना घाई नाही. पण मुलगी निदान बी.एस्सी. झालेली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं आहे.’

अक्का नानांकडे वळून म्हणाली, ‘म्या काय सांगितलं व्हतं!’ आणि नाना मॅडमच्या तोंडाकडे बघत बसले, जसे व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघतात तसे.

मी त्यांना स्कूटीपर्यंत सोडायला गेले. विचारलं, ‘मॅडम, खरंच भाचा आहे का?’ त्या हेल्मेट घालत म्हणाल्या, ‘तुला माहीत नसलेलंच बरं. माहीत नसलं की खोटं बोलावं लागत नाही. तू अभ्यास कर.’

जिच्या घरात दूध हुंगून पितात त्या मुलीला असं उत्तर देऊ नये. मी जळगावला मामाकडे राहून तीन वर्षं शिकले आणि तीनही वर्षं त्या भाच्याची वाट बघितली. इतक्या सफाईनं खोटं बोलणारं माणूस माझ्याशी तरी खरं कशावरून बोललं असेल? आधी नाही म्हटलं, मग आहे म्हटलं. यातलं खोटं कोणतं? कॅन्टीनमध्ये कोणी ‘आहे’ला अहिराणीतलं ‘शे’ म्हटलं की मी मान वळवून बघायचे. मॅडम अधूनमधून मामाकडे डोकवायच्या, मला वाचायला काहीतरी आणायच्या, माझे प्रश्न ऐकायच्या, मामीच्या हातचा चहा प्यायच्या. भाच्याचा विषय कधी नाही. त्यांच्या येण्याची मी वाट बघायचे आणि त्या आल्या की दाराकडेही बघायचे, मागून कोणी येतंय का म्हणून. घरी अक्का मॅडमकडे मुलाचा फोटो मागत होती. ‘पोरीची परीक्षा होऊ द्या,’ असं उत्तर मिळत होतं. अक्कानं नानांना चौकशीलाही पाठवलं होतं. पाहुण्यांच्या लग्नाला धुळ्याला गेले तेव्हा ते मॅडमचं घर बघून आले. आल्यावर एवढंच म्हणाले, ‘घर चांगलं आहे.’

बी.एस्सी.चा निकाल लागला. बी.एड.ला माझा नंबर लागला. सावद्याच्या मुलाचं केव्हाच लग्न होऊन गेलं होतं. तेव्हा मॅडमनी घरी कळवलं, की मुलाचं दुसरीकडे जमलं.

पुढचं मला आईनं फोनवर सांगितलं. यावलच्या बसस्टँडवर अक्काला मॅडम दिसल्या. अक्कानं चार लोकांसमोर त्यांना धारेवर धरलं. शिक्षिका म्हणवता आणि लोकांच्या पोरी अडकवून ठेवता, लाज नाही वाटत, इथपासून सुरुवात झाली. मॅडमनी हात जोडले. ‘चूक झाली अक्का,’ एवढंच म्हणाल्या, आणि लोक बघत असताना स्कूटी ढकलत बाहेर गेल्या, कारण ती सुरूच होईना. नाना तिथंच उभे होते. ते बसच्या पाटीकडे बघत होते, असं आई म्हणाली. मला नानांची चीड आली. एका शब्दानं तरी अक्काला अडवायचं होतं.

मॅडम त्याच वर्षी निवृत्त होऊन धुळ्याला गेल्या.

बी.एड.ला माझ्या शेजारी पहूरची एक मुलगी बसायची. एकदा डबा खाताना ती हसत हसत सांगायला लागली, की तिच्या घरी आठवीपासूनच लग्नाचं चाललं होतं, पण शाळेतल्या एका मॅडमनी त्यांच्या भाच्याचं स्थळ आणलं, आणि त्या भाच्याला मुलगी शिकलेलीच हवी होती.

‘कुठला भाचा?’ मी विचारलं.

‘धुळ्याचा.’

संशय खरा ठरला की माणसाला समाधान वाटतं म्हणतात. मला तर कोणीतरी घरातून बाहेर काढल्यासारखं झालं. म्हणजे ते ‘रोज बघते तुला’ हेसुद्धा सगळ्यांनाच सांगायच्या. पहूरला एक भाचा, यावलला एक भाचा, आणखी कुठं कुठं कोण जाणे. मला वाटलं होतं, ते खोटं माझ्यासाठी होतं. आता कळलं, ती त्यांची पद्धत होती.

पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेले. पत्ता शोधला. मॅडमनी दार उघडलं, आणि मी चप्पल काढायच्या आधी म्हटलं, ‘पहूरची भेटली मला.’

‘बरी आहे का ती?’ त्यांनी विचारलं. जरासुद्धा चपापल्या नाहीत.

‘भाचा आहे की नाही?’

‘माले भाऊ नही शे, बहीन बी नही,’ त्या म्हणाल्या, ‘भाचा कुठून आणू? आत ये आधी.’ आत गेल्यावर त्यांनी पाणी दिलं. ‘पहूरला तिच्या आजीनं असंच विचारलं होतं. पोरगा काय करतो म्हणून. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि ती पोरगी दारात उभी होती. तोंडातून भलतंच निघालं. तुमच्याकडे आले तेव्हा मला सवय झालेली होती.’

‘मग मी कितवी?’ माझ्या आवाजात जे होतं ते लपलं नाही.

‘भाचा एकच होता,’ त्या म्हणाल्या. ‘पोरी वेगवेगळ्या होत्या. पहूरचीला गणित आवडायचं आणि प्रयोगाला हात लावायला ती घाबरायची. तू प्रश्नपत्रिका शेवटून सोडवायचीस, कोणी फसवायला सोपा प्रश्न आधी ठेवला असेल म्हणून. आणि तुझी शेवभाजी खारट होती. मला वाटलं, पोरीच्या हातून मीठ जास्त पडलं, आता हिला बोलणी बसतील, म्हणून पुन्हा वाढून घेतली. तू भाच्याचं विचारलंस तेव्हा कळलं मीठ कशाचं होतं. माले बठ्ठं ध्यानमा शे.’

मी खोलीत इकडंतिकडं बघत बसले, आणि कोपऱ्यात केळीचा घड दिसला. अख्खा, कच्चा, खाली पोतं अंथरलेला, वरून केळीची वाळलेली पानं गुंडाळून सुतळीनं बांधलेला. सुतळीला दोन गाठी मारून मध्ये काडी घातलेली होती. अशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारतो. त्याचा गाठीवरही विश्वास नाही म्हणून तो काडी घालतो.

‘हा घड कुठला?’ मी विचारलं.

‘तुझे नाना पाठवतात. दर वर्षी. मी इथं आल्यापासून एसटीनं.’

‘का?’

‘ते आले होते इथं. तू पहिल्या वर्षाला होतीस, मी सुट्टीत घरी आले होते. आत आले नाहीत, दारातच उभं राहून पाणी प्यायले. मग म्हणाले, बाई, भाचा नाही ना? मी म्हटलं, नाही. मला वाटलं, झालं, आता पोरीला घरी नेतात. ते म्हणाले, मले ओसरीवरच कयलं व्हतं. आता तुमी कोनाले सांगू नका. मी बी नाही सांगत.’

‘आणि बसस्टँडवर?’ मी विचारलं. ‘अक्का तुम्हाला बोलत होती तेव्हा?’

‘ते आधी माझ्याकडे बघत होते, तोंड उघडू का म्हणून. मीच मानेनं नाही म्हटलं, मग त्यांनी तोंड फिरवलं. त्यांनी तोंड उघडलं असतं तर बहीण-भाऊ तुटले असते. माझं काय, मी निवृत्तच होत होते.’ मग त्या उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. आतून म्हणाल्या, ‘मला भाऊ नाही म्हणून एवढं निभावलं. तुझं अवघड आहे, तुला भाऊ आहे.’

मी तिथं बसून पोटभर रडले. घरी गेल्यावर नानांना काहीच विचारलं नाही. ते दूध हुंगत होते.

आता मी धुळ्याच्या बाजूला एका गावात शिकवते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिनं वर्गात कधी तोंड उघडलेलं नाही, पण प्रयोगाच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसते. मागच्या महिन्यात तिच्या घरी गेले. नाशिकला कॉलेजचं बघायचं तर राहायचं कुठं, हे मला हवं होतं, म्हणून मी काय विचारलं असेल ते वेगळं सांगायला नको. तिच्या आत्याचे कान टवकारले. चहा आला, पोहे आले, आणि पोह्यांपाठोपाठ प्रश्नही आला, ‘ताई, पोऱ्या काय करस?’

मुलगी ट्रे घेऊन दारात उभी होती. माझ्याकडे अशी बघत होती, की हिला काय हवंय? ती नजर मी आरशात पाहिलेली आहे. हे एकदा तोंडातून गेलं की कुठल्या तरी बसस्टँडवर, चार लोकांसमोर, मला हात जोडावे लागणार हे मला दिसत होतं. नाही म्हणायला वेळ होता.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा बालवाडीत आहे. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि म्हटलं, ‘शिकतोय अजून.’